बंगल्याचं मागचं डावं चाक

“डोंगरे भाऊ, या वेळेस गाडी दुरुस्त नका करू. मामाचा पाय दुरुस्त करा.”

शालूबाई हे बोलल्या तेव्हा बुधराममामा त्यांच्या मागेच उभे होते. बाईंचा आवाज नाटकातला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. मामांनी ऐकलं, माझ्या गॅरेजातल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि शेजारच्या टायरवाल्यानेही मान वर केली. गाडीची चाबी बाईंनी स्वतःच्या कमरेला खोचली होती. ड्रायव्हर हजर असताना चाबी मालकिणीच्या कमरेला, याचा अर्थ न कळायला कोणी तिथे खुळं नव्हतं. जो तो आपापल्या नटबोल्टात डोकं घालून बसला.

गोंदियात बालाघाट रोडवर माझं गॅरेज होतं. आता ते बंद करून मी घरी बसलो आहे आणि बायकोच्या मते घराचंही गॅरेज करून ठेवलं आहे. ब्रेकचं काम माझ्या आवडीचं. इंजिन बिघडलं तर गाडी चालत नाही, एवढंच. ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट, हे लोकांना पटवून देण्यात माझी सगळी गॅरेजदारी गेली. ही गोष्ट दोन हजार साल उलटून पाच-सात वर्षं झाली तेव्हाची.

शालूबाई झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीच्या मालकीण. आधी नायिका होत्या, पुढे नायिकेची आई झाल्या, आणि मालकीण झाल्यापासून सगळ्या कंपनीच्याच आई. मुक्काम कामठ्याला. धान कापून झाला की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. दिवाळीपासून होळीपर्यंत कंपनी या गावाहून त्या गावाला फिरत असते. त्यासाठी बाईंनी एक जुनी बस घेतली, तिच्या सीटा काढून टाकल्या आणि आत झोपायचे बाकडे, गॅसची शेगडी, मेकअपचा मोठा आरसा, बायांसाठी मधे पडदा, असा सगळा संसार मांडला. अशा गाडीला मोटरहोम म्हणतात हे मी एका मासिकात वाचलं होतं. कंपनीतले लोक तिला ‘बंगला’ म्हणत. “बंगला कुठी लावायचा जी?”, “बंगल्यात चहा झाला का?” असं चालायचं.

तर हा बंगला त्या मोसमात दुसऱ्यांदा थांबायचा राहिला होता. पहिल्या वेळी रस्ता मोकळा होता, निभावलं. या वेळी आमगावच्या अलीकडे रेल्वेचं गेट बंद होतं.

“गेट दिसलं जी मले,” मामा मला बाजूला घेऊन म्हणाले. “पुरं दिसलं. मी पाय देला, तं पाय थेट खालीच गेला. मंग गिअर पाडलो, हँडब्रेक ओढलो, तरी गाडी थांबून नाही राहिली. शेवटी बाजूच्या शेतात तणशीच्या ढिगात घुसवलो.”

तणस म्हणजे धानाचा पेंढा. ढीग मऊ होता म्हणून कोणाला लागलं नाही. आत सगळे उलटेपालटे झाले, आरसा तडकला. थोड्या वेळाने गाडी ढिगातून मागे घेतली, आणि ब्रेक असा लागला की जसं काही झालंच नव्हतं. तिथेच मामांचं नशीब फिरलं. सगळ्यांनी पेडल दाबून पाहिलं. घट्ट. मग बंद गेटाकडे गाडी जाऊन राहिली होती तेव्हा ड्रायव्हर काय करत होता? कोणी म्हणालं डुलकी लागली असेल. कोणी म्हणालं वय झालं, पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला असेल. दारूचं नावही एकाने घेऊन पाहिलं, पण मामा चहासुद्धा अर्धा कप घेतात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते टिकलं नाही.

पुढचं समजायला ब्रेक थोडा समजून घ्यावा लागेल. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर नावाचा पंप तेल ढकलतो. ते बारीक नळ्यांतून प्रत्येक चाकापर्यंत जातं. चाकाच्या आत लोखंडी ड्रम फिरत असतो. तेलाच्या दाबाने ड्रममधले दोन शू फाकतात, त्यांच्यावरचं लायनर ड्रमला घासतं, चाक थांबतं. पाय उचलला की स्प्रिंग शूंना परत आत ओढते. ते पूर्ण आत आले नाहीत तर चालत्या गाडीत लायनर घासतच राहतं. याला आम्ही ‘चाक पकडून राहिलं’ म्हणतो. घासलं की तापतं. फार तापलं की त्या चाकातलं तेल उकळून वाफ होते. तेल दाबलं तर दाब पुढे जातो. वाफ दाबली तर ती नुसती चेपते. जुन्या गाडीत सगळ्या चाकांना तेल एकाच नळीतून, त्यामुळे एका चाकात वाफ झाली की पेडल थेट जमिनीला आणि चारही चाकं मोकाट. आणि चाक गार झालं की वाफेचं पुन्हा तेल होतं. ब्रेक ठीक. पुरावा गायब.

मी चाकं उघडली. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम आतून निळसर झाला होता आणि लायनर करपलेलं होतं. लोखंड निळं पडतं ते तापूनच. बाकीची चाकं स्वच्छ.

“बाई, मामा पेडलवर पाय ठेवून गाडी चालवत असते, तं चारही चाकं जळाली असती,” मी म्हणालो. “एकच जळालं. पायाचा दोष नाही.”

“मंग कायचा दोष आहे?”

इथे मी अडलो, कारण ते मला माहीत नव्हतं. मोसमाच्या सुरुवातीला पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी त्याच चाकाचं व्हील सिलिंडर, म्हणजे शू फाकवणारा छोटा पंप, बदललं होतं, नव्या स्प्रिंगा टाकल्या होत्या, लायनर नवं बसवलं होतं. रबरी नळी आतून सुजून तेल अडवून धरते कधी कधी, म्हणून तीही बदलली होती. गाडी सोन्यासारखी झाली होती. आणि एवढं करूनही ती तणशीत गेली होती.

“गाडीत काही बदल केला का मागच्या वर्षाभरात?” मी विचारलं.

“कायी नाही,” बाई म्हणाल्या.

“मामा?”

“गाडीत तं कायीच नाही जी.”

बाई माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाला कारण लागतं. मशीनमधलं कारण मिळालं नाही की जवळ उभ्या असलेल्या माणसाचं नाव लागतं, हे मी आयुष्यभर पाहिलं आहे. “तीस जीव असतात माझ्या भरवशावर,” त्या म्हणाल्या. “त्यातल्या दोघी पोटुशा आहेत. मी तिरोड्याच्या एका ड्रायव्हरशी बोलून ठेवली. पुढचा दौरा होऊ द्या. अजून एकदा असं झालं, तं मामानं घरी बसावं.”

मामांनी खिशातून फडकं काढलं आणि समोरची काच पुसायला लागले. काच स्वच्छच होती. त्यांना बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. बंगल्याच्या पहिल्या दिवसापासून ते त्याच्यावर होते, झोपायलाही त्यातच असत. बाईंनी स्टेअरिंग काढून घेतलं असतं तर त्यांना घरी बसायला घर कुठे होतं, हा प्रश्न बाईंच्याही लक्षात आला नव्हता. मला मात्र तो रात्रभर टोचला. माझ्या हाताखालून गेलेल्या गाडीपायी एका भल्या माणसाच्या नावाला बट्टा लागत होता, आणि मला राग गाडीचाच येत होता.

पुन्हा सगळं नवं बसवून मी मामांना शेजारी घेऊन गाडी काढली. बाईंनी चाबी मोजून दिल्यासारखी माझ्या हातात दिली. गोंदिया ते कामठा, परत, पुन्हा कामठा. मधे थांबून मी चाकांना हात लावून पाहिलं. सगळी सारखी कोमट.

“तुमच्यासमोर नाहीच करणार ते,” मामा म्हणाले. “लबाड आहे.”

“कधी करते मग? नीट आठवून सांगा.”

त्यांनी विचार केला. “दौऱ्याच्या पहिल्या गावाले नाही करत. दुसऱ्यालेही नाही. घराकडं तोंड केलं का मंग रुसते. दोन्ही वेळा परततानाच झालं.”

हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. कारण ही माहिती होती. बाकी सगळी कंपनी जे सांगत होती ती मतं होती. कवडू म्हणून त्यांचा खलनायक, आडदांड माणूस, मिशा अशा की लहान पोरं रस्ता बदलतात. त्याचं म्हणणं की आमगावच्या त्या गेटाजवळ काहीतरी आहे. त्याने बंपरला इतकी लिंबं-मिरच्या बांधली होती की समोरून लोणचं येऊन राहिलं असं वाटायचं. आणखी कोणी म्हणे, बंगल्याला घरी जावंसं वाटत नाही. कलावंतांच्या गाडीला तेही शोभलं असतं.

परततानाच का? रस्ता तोच, जाताना चढ असेल तर येताना उतार, एवढाच फरक. पण आमच्याकडे चढ-उतार आहेत कुठे, सगळा धानाचा सपाट मुलूख. इंजिन सतत चालून तापतं म्हणावं, तर ते जातानाही तापतं. मी पुष्कळ डोकं लढवलं आणि शेवटी एकच गोष्ट उरली. दुखणं जिथे होतं, तिथे वैद्याने जायचं.

“बाई, पुढच्या दौऱ्याच्या शेवटच्या गावाहून मी तुमच्यासंग परत येतो,” मी म्हणालो.

“या,” त्या म्हणाल्या. “पण माझं बोलणं तेच आहे.”

बायको म्हणाली, नाटक पाहायला जायचं आहे तर सरळ सांगा, ब्रेकचं नाव कशाला. मी हत्यारांची पिशवी उचलली आणि देवरीकडची एसटी धरली.

शेवटचं गाव देवरीच्या अलीकडे होतं. मी पोचलो तेव्हा सकाळ झाली होती, प्रयोग संपून गेला होता आणि कंपनी निघायच्या तयारीत होती. अर्धे जण झोपलेले, अर्ध्यांच्या चेहऱ्यावर रंग तसाच. गावातली बायामाणसं निरोप द्यायला जमली होती. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी बाईंच्या ओटीत नारळ घातला, आणि मागून दोघा जणांनी नव्या तांदळाचं पोतं आणून ठेवलं. पाठोपाठ बाया आपापल्या घरचा तांदूळ सुपात घेऊन आल्या आणि आणखी एक पोतं भरलं.

“बाई, हा घरचा आहे. नाही म्हणू नका,” एक म्हातारी म्हणाली.

“अन्नाले नाही म्हणीन का मी, माय?” बाई म्हणाल्या आणि तिच्या पाया पडल्या.

हा कंपनीचा रिवाज होता. गावाने प्रेमाने दिलेला नवा तांदूळ नाकारायचा नाही आणि बाजारात विकायचा नाही. दौरा संपला की कामठ्याला बाईंच्या अंगणात सगळ्या गावांचा तांदूळ एकत्र करायचा आणि नायिकेपासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारखा वाटायचा. कोणत्या गावाचा कोणता, हे कळायला नको. मला फार आवडली ती गोष्ट. कवडूने दोन्ही पोती एकेका खांद्यावर उचलली आणि बंगल्याच्या बाजूने कुठेतरी नेऊन ठेवली. मी इकडे चहा पीत होतो. तिकडे पाहिलं नाही.

बाईंनी कमरेची चाबी काढून मामांना दिली आणि आम्ही निघालो. मी ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता पाहायचा सोडून मामांचा उजवा पाय पाहत होतो. बाई माझ्या मागे बसून माझं पाहणं पाहत होत्या. पाय अगदी शहाणा होता. लागेल तेव्हा ब्रेकवर, नाहीतर दूर. मामांना घाम फुटला होता, थंडीतही.

“इतकं नका पाहू जी,” ते हळूच म्हणाले. “चालायचंच विसरीन मी.”

पहिल्यांदा थांबलो तेव्हा मी उतरून चाकं चाचपली. मागचं डावं बाकीच्यांपेक्षा गरम. फार नाही. मनाचा खेळही असू शकतो, म्हणून पुढे चला म्हणालो. आमगावच्या बऱ्याच अलीकडे एका पळसाखाली मी मामांना पुन्हा गाडी बाजूला घ्यायला लावली. या वेळी ड्रमजवळ हात नेला आणि पटकन मागे घेतला. बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्रर्र झालं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतके दिवस जो चोर पळून गेल्यावर मला बोलावत होते, तो आज घरात होता. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं.

“सगळे उतरा,” मी म्हणालो. “जॅक काढा.”

चाक थोडं गार होऊ दिलं आणि जॅकवर उचललं. हाताने फिरवायला गेलो तर फिरेना. पकडून राहिलं होतं. आता प्रश्न एकच, त्याला धरून कोण ठेवतंय? धरणारे दोनच असू शकतात. एक तर तेलाचा दाब आत अडकला आहे, नाहीतर काहीतरी यांत्रिक ओढ आहे. प्रत्येक चाकाच्या मागे एक छोटं निपल असतं, ते सैल केलं की अडकलेलं तेल बाहेर येतं. तेल दोषी असेल तर निपल सोडताच चाक मोकळं व्हायला हवं.

मी निपल सोडलं. तेलाचा थेंब आला, पाठोपाठ थोडं ओघळलं. चाक तसंच घट्ट.

म्हणजे माझं सगळं नवं सिलिंडर, नवी नळी, सगळं निर्दोष. आणि तेल निर्दोष, म्हणजे तेलाला दाबणारा पायही निर्दोष. मी ते तिथेच मोठ्याने बोललो, बाईंच्या आवाजात बोलायचा प्रयत्न करून. मामांनी ऐकलं.

उरला हँडब्रेक. त्याला तेल लागत नाही. ड्रायव्हरजवळचा दांडा ओढला की लोखंडी तार मागच्या चाकांतले शू ओढते. डाव्या चाकाची तार डावीकडून, उजव्याची उजवीकडून. दांडा पाहिला, खाली होता. मग तार कोण ओढतंय? मी पाठीवर गाडीखाली सरकलो.

आणि वर पाहिलं तर एक पोट दिसलं.

बंगल्याच्या फरशीखाली, डाव्या बाजूला पत्र्याची लांब पेटी टांगलेली होती. ती मी गॅरेजात पाहिली होती, दोन्ही वेळा. तिच्या तळाखालून हँडब्रेकची तार जायची, आणि मधे दोन बोटं फट होती. व्यवस्थित काम. आज ती फट नव्हती. पेटीचा तळ पोटासारखा खाली आला होता आणि तारेवर सगळं वजन टेकवून बसला होता. कपडे वाळत घालायच्या ताणलेल्या दोरीवर मधोमध ओली गोधडी टाकली की दोन्ही टोकांच्या खुंट्या ओढल्या जातात. तसंच इथे झालं होतं. तार मधे दाबली गेली होती, आणि तिच्या टोकाला चाकातले शू होते. दांडा खाली असूनही हँडब्रेक थोडा लागलेलाच होता, सारा रस्ताभर.

“बाई,” मी खालूनच ओरडलो, “या पेटीत का आहे?”

“तांदूळ.”

“किती?”

“बाप्पा, साऱ्या दौऱ्याचा आहे न!”

“ही पेटी कधी केली?”

“मागच्या उन्हाळ्यात. आधी पोती आत ठेवत होतो, तं चालाले जागा नाही राहायची.”

“मी विचारलं होतं, गाडीत काही बदल केला का म्हणून!”

“गाडीत कुठी केला?” बाई खरोखरच नवलाने म्हणाल्या. “ते तं आमचं कोठार आहे.”

मी गाडीखाली आडवा पडल्या पडल्या हसलो. काय बोलणार? माझ्यासाठी ती गाडी होती. त्यांच्यासाठी ते घर होतं, आणि घरात कोठार केलं म्हणून कोणी मेकॅनिकला सांगत नाही.

आता सगळा उलगडा झाला. पहिल्या गावाला पेटी रिकामी, चाक मोकळं. गावामागून गाव, पोत्यामागून पोतं, आणि परतताना पेटीचं पोट भरलेलं. कामठ्याला पोचल्यावर तांदूळ उतरायचा, वाटला जायचा. मग गाडी झाडूनपुसून, धुऊन, रिकामी करून माझ्याकडे. आमच्या भागात ती रीतच आहे. मेकॅनिकला गाडी द्यायची तर स्वच्छ आणि रिकामी द्यायची, नाहीतर लोक काय म्हणतील. इतक्या सोज्वळ गाडीत मला दोष सापडणार कसा?

पण आम्ही लोक समजुतीवर गाडी सोडत नाही. मी मामांना हाक मारली. “चाकाले दोन्ही हात लावा. फिरवत राहा. सोडू नका.” आणि कवडूला म्हणालो, “काढ पोती.”

कवडूने पेटीचं दार उघडलं. एक पोतं बाहेर आलं. चाक घट्ट. दुसरं. घट्ट. रस्त्याच्या कडेला सगळी कंपनी उभी राहून पाहत होती, कोणाच्या तोंडाला अर्धा रंग, कोणाच्या हातात दात घासायची काडी. बाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पुन्हा एक पोतं. पुन्हा एक. खालून मला दिसत होतं, पत्रा एकेक केस वर सरकत होता.

“फिरून राहिलं!” मामा ओरडले. “डोंगरे भाऊ, फिरून राहिलं!”

चाक फिरत होतं. मामा ते फिरवतच राहिले, थांबायला तयार नव्हते.

“आता सगळी पोती परत आत टाका,” मी म्हणालो.

“काऊन?” कवडूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मिस्त्री, स्टेजवर मी फक्त हिरोइनले उचलतो. इतकं वजन कधीच नसते.” हिरोइनने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

तरी त्याने टाकली. एकदा झालं तर योगायोगही असू शकतो. पोती आत गेली, चाक घट्ट झालं. पोती बाहेर आली, चाक मोकळं झालं. मग मी खालून बाहेर निघालो, हात पुसले आणि बाईंसमोर उभा राहिलो. मला भाषण करायचं होतं, बस्स, तोंडावर आलंही होतं. पण बाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या.

त्या मामांकडे गेल्या. मामा तणावातून सुटल्यासारखे रस्त्याच्या कडेला मातीतच बसले होते.

“मामा,” बाई म्हणाल्या, “मी तुमाले साऱ्यांसमोर बोलली. आता साऱ्यांसमोरच सांगतो का माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही तणशीत गाडी घातली नसती, तं आज आपण इथी नसतो.”

त्यांच्या आवाजात नाटक नव्हतं. पहिल्यांदाच शेवटच्या रांगेला ऐकू जाणार नाही इतकं त्या हळू बोलल्या.

मामांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, “पेटी करू नका म्हणलो होतो मी. तुम्ही म्हणल्या, मामा, घरातलं तुमाले का समजते.”

बाई हसता हसता रडल्या, की रडता रडता हसल्या, कोण जाणे. आमच्या सगळ्यांच्याच छातीवरचं पोतं उतरलं होतं. मला तर इतकं हलकं वाटलं की कवडूने बंपरवरच्या लिंबातलं एक पिळून सरबत करून दिलं तेही मी प्यालो.

मी निपल आवळलं, तेल भरलं, ब्रेकमधली हवा काढली. तांदळाची पोती आत, मधल्या वाटेवर रचली, आणि नायिका, खलनायक, बाजाची पेटी वाजवणारा, सगळे त्यांच्यावर बसून कामठ्याला आले. आमगावच्या गेटाशी नेमकी मालगाडी आली. गेट बंद. मामांनी पाय दिला, आणि बंगला गेटाच्या पुष्कळ अलीकडे अलगद थांबला. मालगाडी अख्खी निघून गेली, तेव्हा कवडूने मागून टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. मामांच्या आयुष्यातला तो पहिला प्रयोग असावा.

पुढचं काम साधं होतं. पेटीच्या तळाला आडवे लोखंडी अँगल टाकले, म्हणजे पोट सुटणार नाही. तार तिथून उचलून चासीच्या कडेने नेली आणि क्लिपांत बसवली. ती पेटी तांदळाने भरा नाहीतर दगडांनी, चाकाला पत्ता लागणार नाही. त्यानंतर मी गॅरेज बंद करेपर्यंत बंगल्याचं ते चाक पुन्हा कधी तापलं नाही. तिरोड्याच्या ड्रायव्हरला बाईंनी कळवलं की जागा रिकामी नाही.

पुढच्या मोसमाआधी बंगला माझ्याकडे नेहमीच्या तपासणीला आला. मी बाईंना निरोपच धाडला होता, गाडी जशी असेल तशी आणा, काही उतरवू नका. माणूस डॉक्टरकडे जाताना आंघोळ करतो, धुतलेले कपडे घालतो आणि विचारल्यावर म्हणतो, आता बरं वाटते. गाडीलाही आपण तेच शिकवतो. तेव्हापासून माझ्या गॅरेजचा नियम होता, दुखणं भरल्या गाडीचं असेल तर गाडी भरलेलीच दाखवायची.

बाईंनी निरोप फारच मनावर घेतला होता. गाडीत भांडी होती, पडदे होते, पेटीत तांदूळ होता आणि वरच्या बाकड्यावर कवडू घोरत होता. मी गाडी जॅकवर चढवली तरी तो उठला नाही.

“चाबी द्या, इंजिन लावून पाहतो,” मी बाईंना म्हणालो.

त्यांनी सवयीने कमरेला हात लावला आणि मग हसल्या.

“माझ्यापाशी कुठी आहे? मामाले मागा,” त्या म्हणाल्या.